पुरावा

चिरुंडूच्या पुलाअलीकडे ट्रक अडून राहतात,
कधी दोन दिवस, कधी पाच.
तांब्याचे, सिमेंटचे,
एकदा तर नुसत्या शाळेच्या बाकांचे.
कागदावर शिक्का बसत नाही तोवर
ड्रायव्हर पुन्हा माणसं होतात,
त्यांना भूक लागते, झोप येत नाही.
आणि आम्ही असतोच.

त्या रात्री बीन्झूच्या पर्समध्ये
तीन पाकिटं निघाली.
साहेबानं ती टेबलावर ओळीनं मांडली,
जिंकलेल्या डावातले पत्ते मांडावेत तशी.
म्हणाला, एक असतं तर सोडली असती.
तीन म्हणजे धंदा. हा पुरावा.

हिशेब मलाही येतो, साहेब.
सातवीपर्यंत शिकलेय मी.
तीन म्हणजे
तीनदा न मेलेली बाई.

दंड दोनशे क्वाचा. पावती नाही.
पाकिटं त्यांनीच ठेवून घेतली.

मग बायका रिकाम्या पर्स घेऊन हिंडू लागल्या.
लवनेस मक्याच्या पिठात लपवायची,
मी केसांच्या गंगावनात,
आणि नेमक्या वेळी
पीठ घरी असायचं, गंगावन खुंटीवर.
गिऱ्हाईक म्हणायचं, नसेल तर राहू दे,
जास्त देतो.
जास्त म्हणजे किती, तर
एका पोराची महिन्याची फी.
आता तुम्ही सांगा, नाही कसं म्हणायचं ते.
सोपं असेल तर मलाही शिकवा.

दवाखाना आठला उघडतो, चारला मिटतो.
आमचं तेव्हा कुठे उजाडत असतं.
तरी एकदा गेले, न झोपता,
लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायची ती गोळी मागायला.
रांगेत डोस द्यायला आणलेली तान्ही,
पोटुशा बायका, आमच्या चर्चमधली एक मावशी.
खिडकीतून हाक आली, सगळ्या नदीला ऐकू जाईल अशी,
"पुलावरच्यांची गोळी कुणाला हवीय?"

मला नको होती.
मी फक्त नळावर पाणी प्यायला आले होते.
प्यायले, आणि परत आले.

मार्चमध्ये बीन्झूच्या कागदावर तो शब्द आला.
ती मेली नाही.
हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्टींमध्ये
आमच्यासारख्या शेवटी मरतात आणि ऐकणाऱ्यांना बरं वाटतं.
बीन्झू औषध घेते, जाडी झालीय,
भाजलेले शेंगदाणे खाते आणि सालं माझ्या दारात टाकते.
पण त्या तीन पाकिटांनंतरची ती रात्र
ती कधी कधी बोटांवर मोजते,
पुन्हा पुन्हा, एकच रात्र.

जिल्ह्याची माणसं आली सभेला.
आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं, कोका-कोला दिला.
म्हणाली, शिलाई मशीन देऊ, सन्मानानं जगाल.
मी उठले. पाय लटपटत होते.
म्हटलं, मला शिवता येत नाही.
मला दवाखाना रात्री नऊला उघडा हवाय,
नाव हळू घेणारी नर्स हवीय,
आणि माझ्या पर्समध्ये हात घालायच्या आधी
विचारणारा पोलीस.
मशीन द्यायचंच असेल तर लवनेसला द्या,
तिला फ्रॉक छान जमतात. ती धंदाही करेल.

कुणी लिहून घेतलं नाही.
मागे भिंतीला टेकलेल्या सिस्टर नामुकोलोनं मात्र घेतलं असावं.
आता दर गुरुवारी वजनकाट्यामागच्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये
दिवा लागतो.
ती नावं कुजबुजते, जणू उसनी साखर मागतेय.
फक्त गुरुवारी. बाकीचे सहा दिवस
विषाणूला सुट्टी असावी.

आणि मी, महिन्यातून एकदा, ठाण्यात जाते.
अंगावर चर्चचे कपडे.
म्हणते, बीन्झूची तीन पाकिटं जमा आहेत तुमच्याकडे,
परत द्या.
कारकून रजिस्टर चाळतो, दमतो,
वैतागून म्हणतो, अगं, मुदत संपली असेल त्यांची.

असू दे, म्हणते मी.
नीट जपून ठेवा.
पुरावा आहे तो.